त्याची परिस्थिती, तिचा स्वभाव

युद्धावर गेलेल्या थोरल्या काकांचं पत्र येतं. त्यांनी एका मोठ्या शहराला वेढा घातलाय आणि तिथून पुतण्याला नि पुतणीला भेटी पाठवल्यात. पुतण्याला शरण आलेल्या सेनापतीचा सुरा. पुतणीला बाहुली, शत्रूच्या देशातल्या मुलींची ताजी फॅशन अंगावर ल्यालेली. मुलगी बाहुलीकडे बघून तोंड वाकडं करते आणि पुढच्या क्षणी बाहुली पेटलेली असते.

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेतला हा प्रसंग. निकलोडियनवर २००५ ते २००८ या काळात तिचे तीन सीझन आले, एकूण ६१ भाग. मुलगा झुको, मुलगी अझुला, अग्निराष्ट्राच्या राजघराण्यातली भावंडं. मूळ गोष्ट घडते तेव्हा तो १६ वर्षांचा आहे, ती १४ची. दोघंही खलनायक म्हणूनच आपल्यासमोर येतात. शेवटी एकाच्या डोक्यावर मुकुट चढतो आणि दुसरी साखळदंडात असते.

चाहत्यांच्या वादात बाहुलीचा हा प्रसंग अझुलाविरुद्धचा पहिला पुरावा म्हणून हमखास येतो. बघा, लहानपणापासून अशीच होती! पहिल्यांदा मालिका पाहिली तेव्हा मीही हेच म्हटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना वेगळंच काही डोळ्यात भरलं. त्या घरात आगीची विद्या, म्हणजे हातातून आग काढायची कला, कोणाच्या हातात होती? तिच्या. भाऊ धडपडत होता, पडत होता. ती एकेक डाव सहज करून दाखवत होती. आणि मालिकेतल्या सगळ्यांत मायाळू, सगळ्यांत शहाण्या माणसाने, म्हणजे आयरोकाकांनी, तिच्यासाठी बाहुली निवडली. पुतण्याला काय आवडेल हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुतणी त्यांना दिसलीच नव्हती.

मला सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. कार्टूनमधला मुलगा वाईट वागला की आपण विचारतो, याच्यावर काय गुदरलं असेल? मुलगी तितकीच वाईट वागली की म्हणतो, ही आहेच तशी. त्याला परिस्थिती मिळते, तिला स्वभाव. परिस्थिती बदलू शकते, म्हणून तो सुधारेल अशी आशा आपण धरून राहतो. स्वभावाला औषध नाही असं आपण मानतो, म्हणून तिच्या बाबतीत फक्त शिक्षेची वाट बघतो.

आधी दोघांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडू. झुको पहिल्याच भागांत सैनिक घेऊन एका गरीब, जवळजवळ निःशस्त्र वस्तीत घुसतो. पुढे क्योशी बेटावरचं गाव त्याच्या स्वारीत पेटतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, ज्या काकांनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्यांच्याच विरुद्ध तो उभा राहतो. तिसऱ्या सीझनमध्ये १२ वर्षांच्या नायकाला, आंगला, मारायला भाडोत्री मारेकरी पाठवतो. अझुला आंगवर वीज सोडते, कटकारस्थानाने एक अख्खं शहर काबीज करते, जिवाभावाच्या मैत्रिणींना तुरुंगात टाकते. युद्धाच्या बैठकीत ती सगळी शत्रुभूमी जाळून टाकायचा सल्ला देते, वडील तो उचलून धरतात. हा गुन्हा भयंकर आहे आणि मला तो लहान करायचा नाही. पण त्या बैठकीत झुकोही बसलेला असतो आणि या सल्ल्यावर गप्प राहतो. वडिलांची मर्जी नुकतीच परत मिळालेली, ती घालवायची नव्हती, हे तो पुढे स्वतः कबूल करतो. चाहते त्याचं हे गप्प राहणं पोटात घालतात. तिचा सल्ला मात्र कोणी विसरत नाही.

दोघांत फरक आहेच. झुकोला आतून टोचणी लागलेली असते, अझुलाला जिंकण्यात मजा येताना दिसते. 'पण तिला पश्चात्ताप कुठे होतो?' हा प्रश्न गैर नाही. तरी तो विचारण्याआधी एक गोष्ट बघायला हवी. पश्चात्ताप आपल्याला दिसतो तो कॅमेऱ्यामुळे. झुको पहिल्या भागापासून आपल्यासोबत आहे. तो उपाशी असताना, एकटा भटकताना, रात्री झोपेत तळमळताना आपण पाहिलाय. अझुला खऱ्या अर्थाने गोष्टीत येते दुसऱ्या सीझनमध्ये, तीही कायम आज्ञा देत, कायम ताठ मानेने. तिचा एकांत आपल्या वाट्याला फार उशिरा येतो.

झुकोच्या चेहऱ्यावरचा डाग कसा पडला ते आठवा. १३ वर्षांचा असताना तो युद्धाच्या बैठकीत बोलला. कोवळ्या सैनिकांचा मुद्दाम बळी देणं चूक आहे, असं म्हणाला. शिक्षा म्हणून वडिलांनी सगळ्यांसमोर त्याचं तोंड भाजलं आणि त्याला देशाबाहेर काढलं. बघणाऱ्यांच्या गर्दीत अझुलाही दिसते आणि ती हसत असते. हे हसू म्हणजे चाहत्यांचा दुसरा आवडता पुरावा. पण ती तेव्हा ११ वर्षांची आहे, आणि त्या घरात जो नाही म्हणतो, जो कळवळतो, त्याचं काय होतं ते तिच्या डोळ्यांसमोर चाललंय. अशा घरात हसणं हीच एक सुरक्षित जागा असते. मारकुट्या बापाच्या घरात एक मूल मार खातं आणि दुसरं बापाच्या बाजूला उभं राहतं. दोघंही त्याच माराने घडलेली असतात. पहिल्याची जखम चेहऱ्यावर आहे, म्हणून ती आपल्याला कळते.

आता जरा कार्टूनच्या बाहेर येऊ, कारण ही सवय आपण टीव्हीवरून शिकलेलो नाही. १९७६ साली जॉन आणि सँड्रा काँड्री या संशोधकांनी मोठ्या माणसांना नऊ महिन्यांच्या बाळाची फिल्म दाखवली. डबीतून उसळी मारून बाहेर येणारं खेळणं बघून बाळ दचकतं, रडतं. काहींना सांगितलं की हा मुलगा आहे, काहींना सांगितलं मुलगी आहे. बाळ एकच, फिल्म एकच. 'मुलगा' बघणाऱ्यांना त्याच्या रडण्यात राग जास्त दिसला, 'मुलगी' बघणाऱ्यांना भीती. म्हणजे मूल काय करतंय हे डोळ्यांनी टिपायच्या आधीच ते कोण आहे याचा चष्मा आपण लावलेला असतो.

लिसा फेल्डमन बॅरेट आणि एलिझा ब्लिस-मोरो यांचा २००९चा अभ्यास आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. त्यांनी लोकांना रागावलेल्या, दुःखी, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोखाली त्या भावनेचं बाहेरचं कारण एका ओळीत दिलेलं होतं, पुरुषांच्याही आणि बायकांच्याही. नंतर तेच चेहरे पुन्हा दाखवून झटपट उत्तर मागितलं : हा माणूस भावनाप्रधान आहे, की याचा दिवस वाईट गेलाय? कारण दोघांनाही दिलेलं होतं, तरी बाईचा चेहरा आला की 'भावनाप्रधान' हे उत्तर जास्त येत होतं आणि पुरुषाचा आला की 'दिवस वाईट गेलाय'. यात मोठ्या माणसांचे फोटो होते, कार्टूनशी काही संबंध नव्हता. पण झुको-अझुलाचा अख्खा वाद या दोन उत्तरांत बसतो.

त्याच सुमाराला, २००८मध्ये, व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन यांनी नोकरीच्या मुलाखतींचे व्हिडिओ वापरून रागाकडे आपण कसं बघतो ते तपासलं. रागावलेल्या पुरुषाचं वजन वाढलं, रागावलेल्या बाईचं घटलं. त्याच्या रागाचं खापर परिस्थितीवर फुटलं, तिच्या रागाचं तिच्यावरच. पण त्यांना आणखी एक गोष्ट सापडली : राग का आला याचं बाहेरचं कारण बाईने स्वतःच्या तोंडून स्पष्ट सांगितलं की हे नुकसान भरून निघत होतं. कारण नुसतं कुठेतरी असून भागत नाही, ते मोठ्याने बोललं जावं लागतं. मुलीचं दुःख एखाद्या भागात दोन ओळींत उरकणाऱ्या कार्टून लेखकांनी हे लक्षात घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

अझुलाच्या वाट्याला अशी एक ओळ येते. तिसऱ्या सीझनमध्ये समुद्रकिनाऱ्यावर शेकोटीभोवती चौघं जण आपापली दुखणी सांगत असतात. अझुला म्हणते की आपल्या आईला आपण राक्षस वाटत होतो. आईचं बरोबरच होतं म्हणा, पण तरी लागलं. एवढंच, आणि विषय बदलतो. कितीतरी प्रेक्षकांना त्यातलं 'आईचं बरोबरच होतं' तेवढं आठवतं आणि 'लागलं' हा शब्द निसटून जातो.

इथे एक आक्षेप येईल की एवढीच ती नावडती असती तर अझुलाचे इतके चाहते कसे? खरंय, तिचे चाहते भरपूर आहेत. कार्टूनमधल्या उत्तम खलनायकांच्या कुठल्याही यादीत तिचं नाव असतं. पण ते प्रेम कशा प्रकारचं आहे ते बघा. काय थंड डोक्याची, काय निळी आग, काय संवाद! हे कौतुक आहे, माया नाही. झुकोला चाहते कुशीत घेऊ बघतात, अझुलाला काचेच्या कपाटात ठेवतात. मुलगी खलनायिका असेल तर तिच्या वाट्याला तिरस्कार किंवा टाळ्या. कणव क्वचितच.

नावडतीचं उदाहरण हवं असेल तर 'मिरॅक्युलस लेडीबग' घ्या. २०१५ साली सुरू झालेली, पॅरिसमध्ये घडणारी मालिका. त्यातली क्लोई बूर्ज्वा ही महापौरांची मुलगी, वर्गातल्यांना छळणारी, श्रीमंतीचा तोरा मिरवणारी. तिची आई तिला सोडून न्यूयॉर्कला जाऊन राहिलेली. मधे काही काळ क्लोईच्या हाती जादूची शक्ती येते आणि ती चक्क चांगलं वागायचा प्रयत्न करते. मग मालिकेची नायिका लेडीबग आपल्याला परत बोलावत नाही या रागात ती खलनायकाला जाऊन मिळते, आणि तिथून तिची परतीची वाट बंद होते. त्याच मालिकेत फेलिक्स नावाचा मुलगा आहे. चौथ्या सीझनच्या शेवटी तो स्वतःच्या फायद्यासाठी नायिकेजवळच्या जवळजवळ सगळ्या शक्ती शत्रूच्या हवाली करतो. पाचव्या सीझनमध्ये त्याच्या दुष्ट बापाची कहाणी आपल्याला सविस्तर, सुंदर रीतीने सांगितली जाते आणि त्याला माफी मिळते. क्लोई त्याच सीझनमध्ये हद्दपार झाल्यासारखी गोष्टीबाहेर जाते. आणि इतकी वर्षं लोकांच्या दुःखाचा बाजार मांडणारा मुख्य खलनायक, तो प्रौढ पुरुष, मेल्यावर त्याचा पुतळा उभा राहतो. हे पुष्कळ चाहत्यांना खटकलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. म्हणून सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणं बरोबर नाही. आधी लेखक ठरवतात कोणाला बॅकस्टोरी द्यायची, मग चाहते ठरवतात कोणाची बॅकस्टोरी मनावर घ्यायची.

तरीही क्लोईचा राग जगाचा नाश करायला निघालेल्या खलनायकापेक्षा जास्त का येतो, याचं एक सरळ कारण मला दिसतं. आगीचे लोळ सोडत आपल्या मागे लागलेला राजपुत्र आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. वर्गात सगळ्यांसमोर हसू करणारी, मैत्रिणी फोडणारी, वाढदिवसाला मुद्दाम न बोलावणारी मुलगी मात्र जवळपास प्रत्येकाला भेटलेली आहे. १९९५मध्ये निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी शाळकरी मुलांच्या अभ्यासातून या तऱ्हेच्या छळाकडे लक्ष वेधलं : हात न उगारता, नाती तोडून केलेला छळ. कार्टूनवाले मुलांना फोडाफोड देतात आणि मुलींना हा छळ देतात. फोडाफोडीत भावना दिसते. मुलगा भिंतीवर मूठ आपटतो आणि आपल्याला कळतं, याला काहीतरी सलतंय. कुजबुजण्यात, गोड हसण्यात सल दिसत नाही, फक्त डाव दिसतो. म्हणून तो 'बिचारा' ठरतो आणि ती 'कारस्थानी'.

शब्दांवरून आठवलं. आपल्याकडे मुलगा हट्ट धरून बसला की करारी, मुलगी बसली की हेकट. तो बोलला तर सडेतोड, ती बोलली तर तोंडाळ. कार्टूनबद्दल बोलताना आपण याच थैलीतून शब्द काढतो, वेगळे शब्द आणणार कुठून?

एका शब्दाबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय, तो म्हणजे 'सायकोपॅथ'. अझुलाला तो सर्रास चिकटवला जातो. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जी निदान-पुस्तिका वापरतात तिच्यात हा शब्द आजाराचं नाव म्हणून नाहीच. त्याच्या सगळ्यांत जवळचं निदान समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं आहे, आणि ते १८ वर्षांखालच्या कोणालाही लावायचं नाही असा स्पष्ट नियम आहे. नियमामागचं कारण साधं आहे : वाढत्या वयातलं मूल अजून बनतंय, त्याच्यावर कायमचा शिक्का मारायचा नसतो. १४ वर्षांच्या मुलीबाबत डॉक्टरही जे करणार नाहीत ते आपण सोफ्यावर बसून करतो. १६ वर्षांच्या झुकोला मात्र 'अजून लहान आहे, चुकला' ही सवलत असते, आणि दोघांत मोठा तोच आहे.

मुलींना वयापेक्षा मोठं समजायची सवय किती खोल जाऊ शकते, हे अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा केंद्राच्या २०१७च्या अहवालात दिसतं. तो कृष्णवर्णीय मुलींबद्दल होता. त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा त्यांना कमी जपावं लागतं, कमी धीर द्यावा लागतो, असं मोठ्या माणसांना वाटत होतं, आणि हा फरक अगदी पाच वर्षांच्या मुलींपासून सुरू होत होता. तिथे वंशाचा प्रश्न मुख्य आहे, तो कार्टूनच्या प्रश्नाएवढा समजू नये. पण 'ही काही लहान नाही, हिला सगळं कळतं' हे वाक्य एखाद्या मुलीचं बालपण किती सहज काढून घेतं, ते त्यावरून कळतं.

प्रेमकथांचाही यात हात आहे. बिघडलेला, देखणा, आतून दुखावलेला मुलगा नायिकेच्या मायेने सुधारतो ही गोष्ट आपल्याला इतकी पाठ आहे की कार्टूनमध्ये नसली तरी चाहते फॅनफिक्शनमध्ये, म्हणजे स्वतः रचलेल्या गोष्टींत, लिहून काढतात. झुको आणि आंगची मैत्रीण कटारा यांची जोडी मालिकेत कधी जुळली नाही, तरी तिच्यावर लिहिलं जाणं थांबलेलं नाही. बिघडलेल्या मुलीला कोणीतरी मायेने सुधारतंय, अशी गोष्ट आपल्याला तितकी पाठ नाही.

म्हणूनच २०१८ ते २०२० मधली 'शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर' ही कार्टून मालिका मला महत्त्वाची वाटते. त्यातल्या कॅट्राला, सांभाळणाऱ्या बाईने कायम दुय्यम ठरवून, धाक दाखवून वाढवलेल्या मुलीला, परत यायची वाट मिळते. ती मिळाल्यावरही 'हिची लायकी होती का' हा वाद मोठा झाला. तिच्या चुका मोजून दाखवणाऱ्यांच्या चुका काढायला मला जायचं नाही. त्या चुका खऱ्या होत्या. पण हीच मोजदाद त्यांनी आपल्या लाडक्या मुलग्यांसाठी कधी केली होती का, हे त्यांनी स्वतःला विचारून बघावं. नाव बदलायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि मन कुठे सैल पडतं, कुठे ताठरतं ते बघायचं. मी केलं तेव्हा माझं उत्तर मला आवडलं नव्हतं.

आणि या लाडाने मुलग्याचंही भलं होत नाही. झुको काकांची माफी मागायला त्यांच्या तंबूत येतो. काका झोपलेले असतात. तो रात्रभर बसून राहतो. सकाळी ते जागे होतात, तो पाठमोऱ्या काकांशी रडत बोलायला लागतो, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते त्याला ओढून मिठीत घेतात. मी हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. पण त्याची सगळी ताकद यात आहे की झुकोने खरोखर वाईट केलं होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. 'त्याचा काही दोषच नव्हता' म्हणणारे चाहते त्याची ही माफीच हिरावून घेतात.

हेच काका दुसऱ्या सीझनमध्ये पुतणीबद्दल काय म्हणतात? ती माझी बहीण आहे, मी तिच्याशी जुळवून घ्यायला हवं, असंच तुम्ही सांगणार ना, असं झुको विचारतो. काका म्हणतात, नाही, ती वेडी आहे, तिला पाडलंच पाहिजे. प्रसंग विनोदी आहे, प्रेक्षक हसतात. आणि ज्या माणसाच्या शब्दावर आपण सर्वाधिक विश्वास ठेवतो, त्याच्याकडूनच आपल्याला अझुलाकडे कसं बघायचं ते कळतं.

शेवटच्या भागात अझुलाचा राज्याभिषेक ठरलेला असतो. चेरीत एक बी निघते म्हणून ती दासीला हाकलून देते, मग एकेक करत जवळच्या सगळ्यांनाच. आरशासमोर स्वतःचे केस वेडेवाकडे कापते. आरशात तिला आई दिसते. भीती हाच एक खात्रीचा मार्ग आहे, तूही मला घाबरतेस, असं ती आईला म्हणते. आरशातली आई म्हणते, नाही, माझं तुझ्यावर प्रेम आहे. अझुला हातातला ब्रश फेकून आरसा फोडते. मग भावाशी लढाई, मग कटारा तिला साखळीने जखडते, आणि ती जमिनीवर पडून निळी आग ओकत हंबरडा फोडते. झुको आणि कटारा तिच्याकडे बघत उभे राहतात. कोणी जवळ जात नाही.

मालिकेचे मुख्य लेखक एरन एहाझ यांनी २०१९मध्ये जाहीरपणे सांगितलं की अझुलाची परतीची वाट त्यांच्या मनात होती. ती पूर्ण कोसळलेली असताना तिच्याजवळ झुको असणार होता, काका त्याच्याजवळ होते तसा. ते पडद्यावर आलं नाही. मालिकेत शेवटी काकांच्या चहाच्या दुकानात सगळे जमतात. झुको ट्रे घेऊन सगळ्यांना चहा देतो, कोणी चित्र काढतं, त्या चित्रावरून सगळे भांडतात, हसतात. अझुला त्या वेळी कुठे आहे, हे त्या दुकानात कोणी विचारत नाही.